अठ्ठेचाळीस तासांचं पाणी

ही गोष्ट खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पटली तर वाचा, नाही पटली तर पुढच्या पोस्टकडे वळा, माझं काही म्हणणं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो साईनाथ माझा सख्खा मावसभाऊ. तो खोटं बोलायला लागला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. हे सगळं सांगताना त्या लाल झाल्या नव्हत्या. मी मुद्दाम बघत होतो.

यात रात्र नाही, अमावस्या नाही, स्मशान नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना, अगदी शेवटचा आठवडा. मंगळवार. दुपारचे पावणेबारा. ठाणे पूर्वेला खाडीच्या अंगाला उभा राहिलेला नवा कोरा टॉवर, सातवा मजला, फ्लॅट सातशे तीन. टॉवरचं नाव सांगणार नाही. तिथे माणसं राहतात आणि त्यांनी आयुष्याची कमाई घालून ती घरं घेतलीत.

साईनाथचा धंदा होम इन्स्पेक्शनचा. बिल्डर चावी द्यायला तयार झाला की तुम्ही सही करायच्या आधी हा जाऊन घर तपासतो आणि दोषांची यादी काढून देतो. ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. राहायला डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याला. माणूस असा, की कुणाच्या लग्नाला गेला तरी हॉलच्या फरशीवर टाच आपटून बघणार. आम्ही चिडवायचो, "साई, तुला स्वर्गात घेतलं तरी तू आधी तिथलं प्लास्टर ठोकून बघशील."

आता कोणी चिडवत नाही.

सातशे तीन घेत होती त्याची धाकटी बहीण, शीला. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिची सान्वी पाळण्यात होती. आता सान्वी सात वर्षांची, आणि एवढ्यात दोघींच्या चार भाड्याच्या खोल्या बदलून झालेल्या. शीला ठाण्यात एका शाळेत क्लार्क आहे. हे घर तिला साईनाथनेच सुचवलं होतं. ती त्याला एकच वाक्य बोललेली.

"दादा, मला त्यातलं काही कळत नाही. तू ठीक म्हणालास की मी सही करते. तू नको म्हणालास तर नको."

बहिणीचं आणि भाचीचं सगळं या एका माणसाच्या शब्दावर होतं. हे त्याला माहीत होतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

मंगळवारी सकाळी नऊला तिघंही वर गेले. सान्वी रिकाम्या हॉलमध्ये पळत सुटली. शीला दारातच उभी राहून भिंतींकडे बघत होती.

"इन्स्पेक्शन म्हणजे नक्की काय करतोस रे तू?"

"काही नाही गं. दोन-तीन तास बघायचं, ठोकायचं आणि लिहायचं."

त्याने पिशवीतून लोखंडी कांडी काढली आणि फरशी ठोकत निघाला. भरीव वाजली तर ठीक. पोकळ वाजली तर खाली माल कमी, उद्या फुटणार. प्रत्येक प्लगमध्ये टेस्टर घालून अर्थिंग बघितलं. सान्वीला एक गोटी दिली आणि बाल्कनीत सोडायला सांगितली, पाणी कुठे वाहणार ते कळायला. बेडरूमचं दार अर्धं उघडं ठेवून तो बाजूला झाला. दार हळूच पुढे सरकलं. शीला दचकली.

"घाबरतेस काय? दार आपोआप हललं म्हणजे भूत नसतं, चौकट ओळंब्यात नसते, तिरकी बसलेली असते," साईनाथ म्हणाला आणि यादीत लिहून घेतलं.

सगळ्यात शेवटी पाणी.

हे प्रत्येक नव्या घरात करतात. बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबायचा. उंबरठ्याला लागेल इतकं पाणी भरायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारायची. दार लावून वर कागदी पट्टी चिकटवायची, पट्टीवर सही करायची. मग अठ्ठेचाळीस तास तिकडे कुणी फिरकायचं नाही. पाणी रेघेच्या खाली उतरलं की समजायचं कुठेतरी झिरपतंय. खालच्या घरात जाऊन छत बघायचं, म्हणजे खात्री होते.

पावणेबाराला साईनाथ रेघ मारायला वाकला. आणि तेव्हा...

खर्र.

ओल्या फरशीवरून लाकडाची फळी ओढावी तसा आवाज.

शेजारी सुताराचं काम चालू असेल, असं त्याला वाटलं. नव्या बिल्डिंगमध्ये दिवसभर ठोकाठोक असतेच.

सान्वी दारात उकिडवी बसलेली. तिने पाण्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

"मामा, हे खारट आहे."

शीलाने तिच्या हातावर चापट मारली. "काहीही तोंडात घालते ही बया."

"टँकरचं असेल," साईनाथ म्हणाला. दार लावलं. पट्टी चिकटवली. सही केली.

गुरुवारी दुपारी बाराला तो एकटाच वर गेला. शीला आणि सान्वी खाली बिल्डरच्या ऑफिसात बसलेल्या. कागद तयार होते. रविवारी भाड्याची खोली सोडायची होती आणि जूनपासून सान्वीची शाळा ठाण्यात.

फ्लॅटला कुलूप तसंच. बाथरूमच्या दारावरची पट्टी तशीच, सहीसकट. त्याने पट्टी फाडली आणि दार ढकललं...

पाणी नव्हतं.

थेंबसुद्धा नाही. भिंतीवर पेन्सिलची रेघ होती. जाळीतला बोळा जागच्या जागी होता, वाळून कडक झालेला.

आणि फरशी पांढरी होती.

भिंतीत ओल असली की वर पांढरी पूड फुटते, तिला खार म्हणतात. साईनाथने हजार भिंतींवर बघितलीय. हीसुद्धा खारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण खार भिंतीला फुटते. आणि ती ओळीत लागत नाही.

इथे ओळी होत्या. फरशीभर सरळ रेघा ओढलेल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोपऱ्यात ढिगारे होते. लिंबाएवढे छोटे, वर निमुळते, एकाला एक लागून मांडलेले. कोणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं ते.

त्याने चिमूट उचलली. जाडं मीठ. जिभेला लावलं. मीठच.

साईनाथ एका घराचे दोनशे फोटो काढतो. नळाच्या चकतीचासुद्धा काढतो. या फरशीचा त्याने एकही काढला नाही. फोटो काढला की तो रिपोर्टात घालावा लागतो. मी त्याला नंतर विचारलं, का रे? तो म्हणाला, "घातला असता तर खाली काय लिहिणार होतो?"

फोन वाजला. शीला.

"दादा, झालं का रे? इथले साहेब दोनदा विचारून गेले. मी सान्वीला सांगितलंय, आज आपल्याला आपल्या घराची चावी मिळणार."

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला.

आणि त्याने नळ सोडला.

बोळा उपटला, बादलीवर बादली ओतली. ढिगारे हलेनात, तर पायाने मोडले. बुटाने घासघासून सगळं मीठ जाळीत लोटलं. सवय कशी असते बघा. मीठ वाहून जाताना त्याने घड्याळ लावलं होतं. दीड मिनिटात फरशी साफ. यादीत लिहिलं, "पाण्याचा निचरा उत्तम."

मग तो सहाशे तीनमध्ये छत बघायला गेला. ते घर होतं या जमिनीवर पूर्वीपासून राहणाऱ्यांचं, बिल्डरने जागेच्या बदल्यात दिलेलं. दार बायजाआजींनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या. पाठ वाकलेली. हातांचे तळवे बुटाच्या तळासारखे जाड.

"आजी, वरच्या मजल्याचं काम आहे. तुमच्या बाथरूमचं छत बघू का?"

"बघ ना बाला. वरती पानी भरून ठेवलाव तुमी?"

"हो. दोन दिवस."

आजी त्याच्या मागोमाग बाथरूमपर्यंत आल्या.

छत कोरडं ठणठणीत. ओल मोजायचं यंत्र टेकवलं, आकडा शून्याच्या आसपास. एक थेंब खाली आला नव्हता. दोन इंच पाणी दार बंद असलेल्या बाथरूममधून कुठे गेलं, याला उत्तर नव्हतं. तो मान वर करून तसाच उभा राहिला. आणि वरून...

खर्र.

खर्र.

वरच्या घराची चावी त्याच्या खिशात होती. त्याने खिसा चाचपला. होती.

आजींनी वर बघितलं नाही.

"मीठ व्हता काय वरती?" त्यांनी विचारलं.

साईनाथ वळला. "तुम्हाला कसं माहीत?"

"यो सगला आगर व्हता. मिठागर. मी पन फलीनं मीठ वढलाय इथं, लगीन होऊन आयले तवापासून." त्या भिंतीला टेकल्या. "माज्या सासूच्या वक्ताला एक बाय व्हती. मालकाशी तिचा काय तरी वाद झाला. मालकानं तिची अख्खी रास पान्यात लोटली. सगल्या मोसमाची मेहनत. सगल्यांच्या म्होरं." मग विचारलं, "तू काय केलास त्या मिठाचा?"

"धुवून टाकलं."

"पाय लावलास त्याना?"

त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

आजींनी पदर तोंडाला लावला. मीठ सांडलं तर पापण्यांनी वेचावं लागतं, हे आपल्याकडे प्रत्येक आईने पोराला सांगितलंय. माझ्या मावशीनेही साईनाथला सांगितलं होतं. आजी तेच बोलल्या, पण पोराला भीती घालायला बोलतात तसं नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतो तसं बोलल्या.

"आता कोनाला तरी पापन्यांनी येचायला लागंल, बाला."

तो जिना उतरून खाली आला. तळमजल्यावर पोचायच्या आत पुन्हा फोन वाजला. शीला म्हणाली, "दादा, काय करू? पेन हातात आहे माझ्या."

एवढी एकच वेळ होती. एक शब्द पुरला असता.

पण काय सांगणार? फरशीवर मीठ होतं? वीस वर्षं लोकांची भुतं चौकटीत आणि ओळंब्यात काढून दाखवणारा माणूस हा. आणि ते घर त्यानेच सुचवलेलं.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "कर सही."

त्या वेळी त्याच्या कानाच्या पाळ्या कशा झाल्या होत्या, ते बघायला तिथे कोणी नव्हतं. रिपोर्टात बाथरूमच्या पुढे त्याने लिहिलं, "गळती नाही. ठीक."

जूनमध्ये दोघी राहायला आल्या. कलश ठेवला, दूध उतू घातलं, दारावर पाटी लागली. पाटीवर शीलाचं एकटीचं नाव. ती पाटी ती रोज पुसते, असं सान्वी सगळ्यांना सांगायची. दोन महिने काही झालं नाही. साईनाथ ते सगळं विसरायला लागला होता.

ऑगस्टमधला रविवार. तो जेवायला गेला. शीला स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती.

"सान्वी कुठाय गं?"

"असेल आत. हल्ली दुपारी बाथरूममध्येच बसून असते. पाण्यात खेळते मेली. ओरडून ओरडून थकले मी."

पाण्याचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता.

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. साईनाथने ते बोटाने ढकललं...

सान्वी गुडघ्यांवर होती. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत धरलेले. चेहरा खाली, फरशीला टेकलेला. डोळे हळूहळू मिटत होती, उघडत होती. मिटले की मान थोडी वर. मग बाजूला वळून कोपऱ्यात काहीतरी ठेवल्यासारखं. मग परत खाली.

फरशी कोरडी होती. स्वच्छ. त्याला तरी तिथे काही दिसलं नाही.

"सान्वी!"

तिने मान वर केली. डोळे लालभडक. पापण्यांना पांढरे कण चिकटलेले. त्याने रुमालाने पुसले. रुमालावर आलं ते मीठ होतं.

"बाळा, काय करतेस हे?"

"वेचते. तुझंच आहे ना मामा?"

"माझं?"

"तूच सांडलंस ना. ती म्हणाली." सान्वी शाळेचा अभ्यास सांगावा तशी सांगत होती. "मी म्हटलं, मामाला बोलवू का? तर ती म्हणाली, नको. मामाच्या पापण्या आखूड आहेत, त्याला वेळ लागेल. तुझ्या लांब आहेत."

बाहेरून शीलाने हाक मारली, "चला रे, पानं वाढलीत."

साईनाथने त्या दिवशी भाताला हातही लावला नाही. आमटी फार छान झाली होती, असं मात्र तीनदा बोलला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही. भाऊ भाचीच्या ओढीने येतो, म्हणून शीला खूश. बाराच्या ठोक्याला तो बाथरूममध्ये जायचा आणि आतून कडी लावायचा. मोठा चाळीस वर्षांचा गडी, गुडघ्यांवर, हात पाठीशी. डोळे उघडे असले की फरशी रिकामी. डोळे मिटून पापणी फरशीला टेकवली की लागायचं. खडा न् खडा. आग व्हायची नुसती.

तो गेला की आठवडाभर सान्वी बाथरूमकडे फिरकत नसे. हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून तो जात राहिला. शीलाला एक अक्षर बोलला नाही. आज बोलू, उद्या बोलू करत दिवाळी आली आणि गेली.

नोव्हेंबरात एका रविवारी त्याला एकशे तीन ताप होता. गेला नाही.

सोमवारी सकाळी शीलाचा फोन आला. रडत होती.

"दादा, सान्वीच्या डाव्या डोळ्याला बघ काय झालंय. एक पापणी राहिली नाहीये रे. एकसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, स्वतःच उपटत असेल, लहान मुलांना सवय लागते. अरे, माझी मुलगी असं कशाला करेल?"

तेव्हा तो सगळं बोलला. तापातच, फोनवर, पट्टी फाडल्यापासून ते आजींपर्यंत सगळं.

शीलाने मध्ये एकदाही अडवलं नाही.  मग म्हणाली, "दादा, माझ्या हातात पेन होतं. मी तुला विचारलं होतं रे."

  खरं सांगतो, हे ऐकून मला त्याचा राग आला. अजून येतो.

त्याच संध्याकाळी शीला लेकीला घेऊन मानपाड्याला भावाच्या घरी आली. सातशे तीनला कुलूप. पाटी तशीच आहे. विकायचं म्हटलं तर कुणाच्या गळ्यात बांधायचं, म्हणून विकत नाहीत. सान्वीची पापणी पुन्हा उगवली, संक्रांतीपर्यंत छान दाट झाली. पण रविवारी दुपार झाली की ती खेळ टाकून येते आणि विचारते, "मामा, गेला होतास ना?"

तो जातो. एकही रविवार चुकवत नाही.

मी हे आत्ताच का लिहितोय, ते सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी मी वागळे इस्टेटला त्याच्या ऑफिसात गेलेलो. तो हल्ली घरातही काळा चष्मा लावतो. माझ्यासमोर त्याने तो काढला. दोन्ही डोळ्यांना एक केस उरलेला नव्हता. कडा सुजून लाल झालेल्या.

"नुसत्या कातडीला चिकटत नाही रे ते," तो म्हणाला. "गेल्या रविवारी दोन तास होतो आत. एक खडा उचलला गेला नाही." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे. "एका रविवारी येशील का? एकदाच. माझ्या पापण्या येईपर्यंत."

मी म्हटलं, बघतो.

तीन रविवार झाले. मी बघतोच आहे. मलाही घर आहे, दोन लहान मुलं आहेत. मी भित्रा असेन तर असेन.

काल, रविवारी, दुपारी बाराला साईनाथचा फोन आला होता. मी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

आज सकाळी शीलाने काहीतरी पाठवलंय. सान्वीचा फोटो असावा, असं वरून दिसतंय. मी अजून तो उघडलेला नाही.